जुळी कोकरे आणि मेंढीचा खुराक

मेंढीच्या अंडाशयातील स्त्रीबीज प्रथिने स्रवून भोवतालच्या पेशींना वाढीचे संकेत देते. फेकबी जनुकामुळे हे संकेत स्वीकारणारे प्रथिन बदलते आणि एकाऐवजी दोन-तीन बीजे पक्व होतात. सुंदरबनातील गारोल मेंढीचे हे देणे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी मेंढीत उतरवले. ‘सुवर्णा’ त्यातूनच घडली.

मात्र जनुक दूध वाढवीत नाही. जुळी जगवायची तर गाभणकाळाच्या अखेरच्या दीड महिन्यापासून मेंढीला खुराक हवा. फिरत्या कळपात तो मिळतोच, असे मानणे सोयीचे, एवढेच. म्हणून अशा मेंढ्यांच्या वाटपाचे यश वाटलेल्या नरांवर नव्हे, तर तीन महिने जगलेल्या कोकरांवर मोजले पाहिजे. खुराकाची सोय नसेल, तेथे एकच सशक्त कोकरू देणारी दख्खनी मेंढीच मेंढपाळाच्या हिताची.