दुकान सोडू नका, पावतीही सोडू नका

ग्राहक हा बाजाराचा राजा आहे, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण हा राजा मोठा विलक्षण आहे. तराजूचा काटा स्थिर होण्यापूर्वीच तो पिशवी पुढे करतो, पैसे देऊन पावती न घेताच दुकानाच्या पायऱ्या उतरतो आणि घरी गेल्यावर साऱ्या व्यापारीवर्गाला दोष देत बसतो. ज्या राजाला स्वतःच्या खजिन्याचा हिशेब विचारण्याचा संकोच वाटतो, त्याचे राज्य टिकणार तरी कसे?

नागपूरकरांनी तर या प्रश्नाचा अधिकच विचार करावयास हवा; कारण आपले शहर बाजारावर वाढलेले आहे. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी ही नावे आपण इतक्या सवयीने घेतो की, त्या त्या वारी भरणाऱ्या बाजारांची ती आठवण आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. इतवारीत शिरावे तो किराणा ओळी, लोहा ओळी, सराफा ओळी अशा एकेका धंद्याच्या ओळीच लागतात. कॉटन मार्केटात आज भाजीपाला विकला जातो, पण नाव कापसाचेच राहिले आहे. याच कापसाच्या आणि रेल्वेच्या आधाराने जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी येथे सुरू झाली. ती १९८६ मध्ये राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. आज त्या गिरणीच्या जागेत मॉल उभा आहे. जेथे कापड विणले जात होते, तेथे आता ते विकले जाते. एका अक्षराचा हा फरक, पण त्यात आपल्या शहराच्या अर्थकारणाची सारी कहाणी आली!

गिरणीतून मजुरी निघत होती आणि ती गावातच फिरत होती. आज मोबाईलवर बोट दाबून मागविलेल्या वस्तूचा नफा कुठे जातो, हे कोण सांगणार? यावर "स्थानिक दुकानातूनच खरेदी करा" असा उपदेश नेहमी ऐकू येतो. त्यात तथ्य आहे. पण ते फुगवून सांगण्यात अर्थ नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातला साबण आणि टूथपेस्ट काही नागपुरात तयार होत नाही. गावात राहतो तो दुकानदाराचा नफा, पोऱ्याचा पगार, हातगाडीवाल्याची मजुरी आणि जागेचे भाडे. ही रक्कम दर खरेदीमागे लहान असली, तरी हजारो घरांच्या चुली तिच्यावर पेटतात.

शिवाय लहान दुकानदार एक गोष्ट देतो, जी मॉल देत नाही. ती म्हणजे उधारी. महिनाअखेरीस, आजारपणात, शाळा उघडण्याच्या दिवसांत कित्येक घरे त्याच्या वहीवर चालतात. २०२० च्या टाळेबंदीत गल्लीतले किराणा दुकान काय असते, हे सर्वांनाच कळले. बँक कागद मागते, दुकानदार माणूस ओळखतो. तेव्हा हे दुकान टिकलेच पाहिजे, याविषयी दुमत असू नये.

मग लोक त्याला सोडून का जातात? केवळ गार हवेसाठी आणि चकचकीत काचांसाठी जातात, असे म्हणणे सोयीचे आहे. परंतु ते पूर्ण सत्य नव्हे. तेथे छापील बिल मिळते, भाव सर्वांना एकच असतो आणि खराब वस्तू बदलून मागताना मान खाली घालावी लागत नाही. उलट आपल्या नेहमीच्या दुकानात "पावती कशाला, आपला विश्वास नाही का?" असा प्रश्न येतो. भिंतीवर "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी असते. सणासुदीला मिठाई पुठ्ठ्याच्या खोक्यासकट तोलली जाते. समजा, मिठाई ८०० रुपये किलो आणि खोका ६० ग्रॅमचा. म्हणजे पुठ्ठ्याचे ४८ रुपये झाले! एवढ्या भावाचा पुठ्ठा घेणारा हा राजा म्हणावा की रंक?

येथे कायदा ग्राहकाच्या बाजूने उभा आहे. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभारली, तेव्हा असा कायदा नव्हता. तो १९८६ मध्ये झाला. त्याची जागा घेणारा २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अंमलात आला. बिल किंवा पावती न देणे ही त्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. सदोष माल पावतीवरील मुदतीत, आणि तशी मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीही अनुचित प्रथाच. म्हणजे वस्तू सदोष असेल तर त्या पाटीला काहीच अर्थ उरत नाही. अर्थात केवळ रंग आवडला नाही म्हणून साडी परत करण्याचा हक्क यात नाही, हेही ग्राहकाने लक्षात ठेवावे. तक्रार करावयाची झाल्यास ती आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करता येते. खरेदी ५ लाखांपर्यंतची असेल तर शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. नुसता सल्ला हवा असेल तर १९१५ हा दूरध्वनी क्रमांक आहे. पण या सर्वांचा पाया एकच: हातात पावती हवी.

काही दुकानदार म्हणतात, "पावती हवी तर कर वेगळा लागेल." हे खरे नाही. वेष्टनावरील कमाल किंमत सर्व करांसहित असते. ज्याची उलाढाल लहान असल्यामुळे नोंदणी नाही, त्याने कर आकारावयाचाच नाही. परंतु साध्या कागदावर तारीख, वस्तू, रक्कम आणि सही देण्यास त्याला कोण अडवतो?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. पावती मागण्याचे धैर्य कोणाला होते? ज्याच्या नावावर वहीत बाकी आहे, तो काट्याकडे बोट दाखवू शकत नाही. "काका, पुन्हा तोला" असे म्हणताच "आधी मागची बाकी द्या" हे उत्तर येईल, अशी त्याला धास्ती असते. म्हणजे ज्याला दहा ग्रॅमचा फरक सर्वांत जास्त जाणवतो, त्याचेच तोंड बांधलेले असते. म्हणून पावती मागण्याची जबाबदारी ज्याच्या खिशात रोख पैसे आहेत त्याची आहे. नोकरदाराची, प्राध्यापकाची, आणि घरून महिन्याचे पैसे येणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांचीही. आपण रोज मागितली तर ती दुकानाची रीत होईल, आणि एकदा रीत झाली की उधारीवाल्यालाही ती न मागता मिळेल. "माझे दोन रुपये गेले तर गेले" हे उद्गार उदारपणाचे वाटतात. पण त्या उदारपणाची किंमत शेवटी दुसऱ्याच्या ताटातून वसूल होते.

दुकानदाराचेही यात अहित नाही. सचोटीने तोलणारा आणि खोक्यासकट तोलणारा यांच्यातला फरक ग्राहकाला दिसला नाही, तर सचोटीवालाच तोट्यात जातो. नावाची पत ही सर्वांची मिळून असते. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण आंबिया आणि मृग हे दोन्ही बहार संपल्यावर भर पावसाळ्यात दुसरीकडचे फळ कोणी "नागपुरी" म्हणून विकले, तर बदनामी काटोल-नरखेडच्या शेतकऱ्याची होते. बाजाराचेही तसेच आहे. एका दुकानाच्या खोट्या मापाने सारी ओळ बदनाम होते.

मित्रहो, यासाठी मोर्चे काढण्याची गरज नाही. काटा शून्यावर आल्याशिवाय वस्तू ठेवू देऊ नये. मिठाई घेताना आधी रिकामा खोका काट्यावर ठेवून आकडा शून्य करावयास सांगावे. काट्यावर वजनमापे खात्याचा चालू मुदतीचा शिक्का आहे का ते पाहावे. हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो, तो पावतीशी ताडून पाहावा. वसतिगृहातील मुलांना मुंबई ग्राहक पंचायतीप्रमाणे गट करून महिन्याचे सामान एकत्र घेता येईल. ते मात्र आपल्याच गल्लीतल्या दुकानातून घ्यावे आणि पावतीसह घ्यावे.

विश्वास आणि हिशेब यांचे वैर नाही. भावाभावांतही हिशेब चोख असावा असे आपले वडीलधारे सांगत आले, ते भाऊपण टिकावे म्हणूनच. नागपूरचा लहान दुकानदार आपला आहे, तो आपलाच राहावा असे ज्याला वाटते, त्याने त्याच्याकडे जात राहावे आणि प्रत्येक वेळी हसतमुखाने म्हणावे, "काका, पावती द्या."