उंदराचा उपास



एकादशीचा उपास तुम्ही अगदी आनंदाने करता. का बरं? साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू, रताळ्याचा कीस! ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणतात ते काही उगीच नाही. पण प्रयोगशाळेतल्या उंदराच्या उपासाला फराळ नसतो.

त्याला उपाशी ठेवतात तरी कशाला? आजोबांच्या रक्तातली साखर सकाळी उपाशीपोटी तपासतात ना, तसंच मधुमेहाच्या प्रयोगात उंदराचंही रक्त उपाशीपोटी तपासतात. जुनी रीत अशी, की संध्याकाळी खाणं काढून घ्यायचं आणि सकाळी तपासणी करायची. आजोबांना हे जमतं, कारण रात्रभर ते झोपलेले असतात. उंदीरमामा मात्र निशाचर! दिवसा झोपायचं आणि रात्री हुंदडायचं, खायचं. म्हणजे ऐन जेवायच्या वेळीच त्याचं ताट उचललं जातं.

आता जरा हिशेब करा. २५ ग्रॅमचा उंदीर दिवसाला सुमारे ४ ग्रॅम खातो. तुमचं वजन ३० किलो असेल, तर याच हिशेबाने तुम्हाला रोज जवळजवळ ५ किलो खावं लागेल! एवढं कशासाठी? वाटीतलं गरम पाणी हंड्यातल्यापेक्षा लवकर निवतं. छोट्या जिवाचंही तसंच. अंगातली ऊब भराभर निघून जाते, म्हणून त्याला सारखं खावं लागतं. एका रात्रीच्या उपासाने त्याचं वजन दहा टक्क्यांहूनही जास्त घटू शकतं. कधी कधी तर शक्ती वाचवण्यासाठी तो निपचित पडतो आणि ३७ अंशांचं अंग ३१ अंशांच्याही खाली गार होतं.

यात शास्त्रज्ञांचाही तोटाच बरं का! लांबलेल्या उपासाने माणसात इन्सुलिनचा परिणाम मंदावतो, तर उंदरात उलट वाढतो. मग प्रयोगाचं उत्तर बरोबर कसं येणार?

म्हणून आता बरेच शास्त्रज्ञ सांगतात, की सकाळपासून ४ ते ६ तासच खाणं बंद ठेवा. ती त्याची झोपेची वेळ. पाणी मात्र काढू नका आणि उबेला घरटं करायला सामान द्या. रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ सालीच पुस्तक लिहून सांगितलं होतं: प्राण्यांऐवजी दुसरा मार्ग शोधा, कमीत कमी प्राणी वापरा आणि जे वापराल त्यांचे हाल कमी करा.

मुक्या जिवाची भूक आपल्या घड्याळाने मोजायची नसते. तुमच्या घरातलं किंवा अंगणातलं मांजर नेमकं केव्हा खातं? आठवडाभर वहीत नोंदवून तर पाहा!