आज्ञावलीची चोरी आणि शाळेचें कर्तव्य



आपल्या पैठण तालुक्यांत दोन वस्तु विशेष नांवाजलेल्या आहेत: पाचोडच्या आसपासची मोसंबी आणि पैठणची पैठणी. दुसऱ्याच्या बागेंतील मोसंबी तोडणें ही चोरी होय, हें लहान मुलासहि सांगावें लागत नाहीं. भलतेंच लुगडें अस्सल पैठणी म्हणून विकणें ही लबाडी होय, हेंहि सर्वांस पटतें. आणि 1999 च्या भौगोलिक निर्देशनाच्या कायद्याखालीं पैठणीच्या नांवाची नोंद झालेली असल्यामुळें त्या लबाडीस आतां कायद्याचाहि प्रतिबंध आहे. परंतु संगणकाची आज्ञावली, म्हणजे जिला बाजारांत सॉफ्टवेअर म्हणतात ती, दाम न देतां दुसऱ्याच्या पेनड्राइव्हमधून उतरवून घेण्यांत कांहीं वावगें आहे, असें चांगल्या सुशिक्षितांसहि वाटत नाहीं. हा समज चुकीचा आहे, आणि तो सोडून देणें गरीब शाळेसहि शक्य आहे, हें दाखविण्याचा ह्या लेखाचा हेतु आहे.

कोणी म्हणेल, "मोसंबी तोडली तर मालकाचें झाड रिकामें होतें, आज्ञावलीची नक्कल केली तरी मूळ प्रत जशीच्या तशी राहते. मग चोरी कसली?" हा आक्षेप वरवर सयुक्तिक दिसतो. परंतु आज्ञावली हें एक प्रकारचें लेखन आहे. कोणीतरी ती ओळ ओळ करून लिहिलेली असते, तींतील चुका शोधून दुरुस्त केलेल्या असतात, आणि त्या श्रमाचा मोबदला प्रतींच्या विक्रींतूनच त्याच्या हातीं यावयाचा असतो. नक्कल करणारा प्रत नेत नसला तरी तो मोबदला बुडवितोच. म्हणूनच 1957 च्या कॉपीराइट कायद्यास 1984 सालीं दुरुस्ती करून आज्ञावलीची गणना वाङ्मयीन कृतींत करण्यांत आली. पुढें 1994 च्या दुरुस्तीनें, चोरटी प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणारास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला. वापर नफ्यासाठीं किंवा व्यापारासाठीं नसेल तर विशेष कारणें नमूद करून न्यायालयास कैद माफ करतां येते. अर्थात् "मी केवळ शिकण्यासाठीं वापरली" हें म्हणणें दयेस पात्र ठरूं शकेल; तेवढ्यानें अपराध मात्र नाहींसा होत नाहीं.

येथें एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत घ्यावी. हा कायदा ज्ञानाच्या वाटेंत आडवा येत नाहीं. गणिताची रीत कोणाच्याहि मालकीची नसते. तिच्यावर लिहिलेलें पुस्तक मात्र लेखकाचें असतें. त्याचप्रमाणें आज्ञावलीच्या मुळाशीं असलेली कल्पना सर्वांस मोकळी आहे. रीतसर मिळविलेल्या प्रतीची, ती नष्ट झाल्यास हातीं असावी म्हणून, दुसरी प्रत करून ठेवण्यास आपला कायदा परवानगी देतो. ती आज्ञावली कशी चालते हें पाहून तींतील तत्त्वें शोधून काढण्यासहि मुभा देतो. केवळ आज्ञावलीस पेटंट द्यावयाचें नाहीं, असा दंडकहि आपल्या पेटंट कायद्यांत आहे. पैठणीवरील मोर पाहून विणण्याची कला शिकण्यास कोणाची मनाई नाहीं, तसेंच हें आहे.

ह्या बाबतींत थोरामोठ्यांसहि सूट नाहीं. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत एपिक सिस्टिम्स नांवाची कंपनी रुग्णालयांचीं दप्तरें सांभाळणारी आज्ञावली तयार करते. आपल्या मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या नोकरांनीं एका ग्राहकाचें काम करीत असतां त्या आज्ञावलीचे गोपनीय कागद परवानगीवांचून उतरवून घेतले, असा दावा तिनें 2014 सालीं लावला. टाटा कंपनीनें आरोप नाकारला. तथापि 2016 सालीं तेथील पंचांनीं तिच्याविरुद्ध 94 कोटी डॉलरचा निर्णय दिला. पुढें न्यायालयांनीं ती रक्कम 28 कोटींवर आणली, आणि 2023 सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें अधिक सुनावणीस नकार दिला. ज्या देशाचे लक्षावधि तरुण आज्ञावली लिहून उदरनिर्वाह करितात, त्यानेंच दुसऱ्याच्या लेखनाची कदर केली नाहीं, तर आपल्या लेखनाची कदर तो कोणत्या तोंडानें मागणार?

आतां प्रश्न राहिला पैशाचा. महाग आज्ञावली विकत घेणें आपल्याकडील पुष्कळ पालकांस झेपणारें नाहीं, हें खरें आहे. परंतु त्यासाठीं चोरीची वाट धरण्याचें कारण नाहीं. रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं 1983 सालीं मुक्त आज्ञावलीची चळवळ आरंभिली. 1991 सालीं लिनस टोरवाल्ड्स ह्या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें लिनक्स जगापुढें ठेवली. लेखनासाठीं व हिशेबासाठीं लिबरऑफिस विनामूल्य मिळतें. मराठी मजकुरासाठीं मुंबईच्या एक टाइप संस्थेचे मुक्ता व बलू हे सुबक अक्षरसंच खुल्या परवान्यावर उपलब्ध आहेत. केरळांतील सरकारी शाळांनीं तर संगणकाचें शिक्षण मुक्त आज्ञावलींवर चालवून दाखविलें आहे. ह्या देणग्या बेवारशी नव्हेत. देणारानें आपल्या हक्काच्या बळावर अटी घालून त्या दिलेल्या असतात. त्या अटी पाळणें हेंहि आपलें कर्तव्यच होय.

ह्यावरून माझें स्पष्ट मत असें कीं, कोणत्याहि शाळेनें किंवा शिकवणीनें विकतची विशिष्ट आज्ञावली मुलांवर लादूं नये. जी वस्तु घेण्याची पालकांची ऐपत नाहीं, ती घरीं वापरावयास सांगणें म्हणजे त्यांस चोरीच्या दारापर्यंत नेऊन सोडणें होय. मुक्त आज्ञावलीवर लेखन, हिशेब व चित्रें हीं सर्व शिकवितां येतात. पालकांनींहि दुकानदारास "फुकट टाकून द्या" असें म्हणण्याऐवजीं "मुक्त आज्ञावली घालून द्या" असें सांगावें. आजचे विद्यार्थी उद्यां स्वतः आज्ञावली लिहितील. आपल्या श्रमावर आपला हक्क आहे असें त्यांस त्या वेळीं वाटेल. दुसऱ्याच्या श्रमावरहि त्याचा तसाच हक्क आहे, हें त्यांनीं शाळेंतच शिकलें पाहिजे.