सिकलसेल : मोठा दवाखाना आहे, महिन्याची गोळी कुठे आहे?

मुलाचे हातपाय ठणकतात, डोळे पिवळे दिसतात, अंगात रक्त नाही असे दिसले की आपल्या वस्तीत आधी काविळीचा झाडपाला शोधला जातो. मग वाताचे तेल चोळणे होते. मग कोणी तरी टॉनिकची बाटली लिहून देतो. अशी दोन-तीन वर्षे निघून गेल्यावर शेजारची एखादी बाई म्हणते, "अहो, मेडिकलला नेऊन एकदा रक्त तपासून तर पाहा." तिथे तो शब्द कानावर पडतो : सिकलसेल. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, वर्धा, यवतमाळ, अमरावती या पट्ट्यात हा शब्द माहीत नाही असे मोहल्ले थोडेच असतील. तरीही त्याविषयी गैरसमज फार आहेत, आणि त्याहून मोठी अडचण उपचारात खंड पडण्याची आहे. या आठवड्यात त्याविषयी थोडे सविस्तर बोलू.

सिकल म्हणजे विळा. निरोगी माणसाच्या तांबड्या रक्तपेशी गोल आणि मऊ असतात, बारीक नळीतूनही वाकून निघून जातात. या रोगात प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात, बारीक रक्तवाहिनीत अडकून बसतात. जिथे अडकल्या तिथे ठणका सुरू होतो. हा ठणका साधा नसतो, अंगापिंडाने धडधाकट तरुणही लहान मुलासारखा रडतो. नेहमीची पेशी सुमारे १२० दिवस टिकते. विळ्याची पेशी १० ते २० दिवसांत फुटते, म्हणून रक्त कमी होते आणि डोळे पिवळे पडतात. ही संसर्गाची कावीळ नव्हे. रक्त कमी आहे म्हणून डॉक्टरांना न विचारता लोहाच्या गोळ्याही सुरू करू नयेत, कारण इथे रक्त लोहाअभावी कमी झालेले नसते, आणि वारंवार रक्त दिलेल्या रुग्णाच्या शरीरात तर लोह आधीच साचत असते.

हा रोग शिवाशिवीने होत नाही, कोणाच्या करणीने होत नाही, पूर्वजन्माशीही त्याचा संबंध नाही. आई आणि वडील दोघांकडून दोष आला तरच मूल रुग्ण होते. त्याच्या कागदावर 'एसएस' लिहिलेले असते. एकाकडूनच आला तर मूल वाहक, म्हणजे 'एएस'. वाहक माणूस एरवी धडधाकट असतो, मजुरी करतो, संसार करतो. त्याला आजारी म्हणणे चूक आहे. उलट, वाहकांना लहानपणी जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखवून दिले. मलेरियाच्या जंगलपट्टीत हा दोष पिढ्यानुपिढ्या का टिकून राहिला, त्याचे उत्तर यात आहे.

नागपूरला हे आज कळलेले नाही. डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेलवरचा लेख लंडनच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकात १९५८ साली छापून आला. पुढच्या अनेक पाहण्यांत हा दोष गोंड, परधान, माना या आदिवासी समाजांत जसा सापडला, तसा आपल्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणात सापडला, आणि तेली, कुणबी घरांतही. राज्य सरकारचा सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला २००८-०९ मध्ये. म्हणजे लेखापासून कार्यक्रमापर्यंत ५० वर्षे लागली!

त्यानंतर १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाची घोषणा झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. अभियानाचा भर आदिवासी भागावर आहे. तो योग्यच आहे, त्यांच्या वाट्याचे कोणी मागू नये. पण 'सिकलसेल म्हणजे आदिवासींचा आजार' हे वाक्य कागदोपत्री पक्के झाले, तर इंदोरा, इमामवाडा, टेकानाका, पाचपावलीच्या गल्ल्या त्या कागदात बसत नाहीत. आपले मूल रुग्ण असूनही मोजणीबाहेर राहते. मोजणीत नाही, म्हणून औषधाच्या मागणीपत्रकातही नाही. हे आपण वेळीच ओळखले पाहिजे.

नागपुरात मोठ्या दवाखान्यांची वाण आहे असे कोणी म्हणणार नाही. मेडिकल आहे, मेयो आहे, डागा आहे, मिहानला एम्स झाले. ११ डिसेंबर २०२२ रोजी एम्सच्या उद्घाटनासोबतच चंद्रपूरचे हिमोग्लोबिनच्या आजारांचे संशोधन केंद्रही राष्ट्राला अर्पण झाले. कामठी मार्गावरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालयाचा विस्तार करण्याच्या घोषणा तर उत्तर नागपूरकरांनी इतक्या वेळा ऐकल्या आहेत की आता कोणी टाळ्याही वाजवत नाही. पण सिकलसेलचा रुग्ण वर्षातले फार थोडे दिवस दवाखान्यात दाखल असतो. बाकीचे दिवस तो घरी, शाळेत, कामावर असतो. ते दिवस कसे जातात यावर त्याचे आयुष्य ठरते, आणि नेमकी तिथेच आपली व्यवस्था विरळ होत जाते.

यासाठी फार श्रीमंत देश लागत नाही, हे जमैकाने दाखवले आहे. जमैका हे वेस्ट इंडीजमधले बेट. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे वंशज तिथे राहतात आणि त्यांच्यासोबत हा दोषही तिथे गेला. किंग्स्टन शहरात १९७३ ते १९८१ या काळात जन्मलेल्या १ लाख बाळांचे रक्त जन्मतःच तपासले गेले. जी बाळे रुग्ण निघाली त्यांच्यामागे डॉ. ग्रॅहॅम सर्जंट आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे राहिले. सिकलसेलच्या लहान मुलात कधी कधी रक्त एकाएकी प्लीहेत, म्हणजे पाणथरीत, साचते. पोट डाव्या बाजूला फुगते, मूल पांढरे पडते आणि काही तासांत दगावू शकते. तिथे आयांना डाव्या बरगडीखाली हात ठेवून पाणथरी चाचपायला शिकवले. वाढलेली वाटली की लगेच दवाखाना गाठायचा. एवढ्याने या कारणाने होणारे मृत्यू कितीतरी कमी झाले. यंत्र नाही, महागडी सुई नाही. आपल्या आशाताई आणि नर्सबाई हे शिकवू शकतात. लसीकरणाला जाल तेव्हा त्यांना जरूर विचारा.

आपल्याकडचा सिकलसेल सौम्य असतो, असे पूर्वी बरेच जण म्हणत. नागपुरात आईच्या गरोदरपणापासून तपासणी करून बाळांचा पाठपुरावा केला गेला. त्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की इथल्या सगळ्याच मुलांत तो सौम्य नाही. तेव्हा 'मोठा झाला की आपोआप बरा होईल' या भरवशावर कोणी राहू नये.

आता गोळीबद्दल. हायड्रॉक्सियुरिया हे औषध मुळात कर्करोगाचे. सिकलसेलमध्ये ते ठणक्याचे झटके जवळपास निम्म्यावर आणते, हे १९९५ मध्ये अमेरिकेत सिद्ध झाले. मेडिकलच्या बालरोग विभागातील डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले की आपल्याकडच्या गंभीर आजारी मुलांना कमी मात्रेनेही चांगला गुण येतो. म्हणजे हे ज्ञान आपल्याच शहरात तयार झाले आहे. परंतु ही गोळी दुखेल तेव्हा घ्यायची नाही, रोज घ्यायची आहे. गुण दिसायला काही महिने लागतात. मध्ये मध्ये रक्ताची मोजणी करावी लागते. गरोदरपण ठरवायचे असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे लागते. औषधाच्या दुकानदाराने 'ही तर कॅन्सरची गोळी' असे म्हटले म्हणून काही घरांत ती बंद केली जाते. कृपया असे करू नका.

समजा उत्तर नागपुरातली एक बाई चार घरची धुणीभांडी करते. तिचा मुलगा एसएस आहे. गोळी महिन्याची मिळते. ती आणायला तिला सकाळी सातला निघून शहराच्या दुसऱ्या टोकाला जावे लागते, केसपेपरच्या रांगेत उभे राहावे लागते, मग रक्ताची रांग, मग औषधाच्या खिडकीची. त्या दिवसाची मजुरी बुडते, मुलाची शाळा बुडते, ऑटोचे भाडे वेगळे. आणि खिडकीवर त्या दिवशी गोळी संपलेली असली तर? दोन-तीन महिने ती हे करते. चौथ्या महिन्यात घरात ताप येतो किंवा मालकीणबाई सुट्टी देत नाही, आणि गोळीत खंड पडतो. पुढच्या थंडीत मुलगा ठणक्याने दाखल होतो. तेव्हा डॉक्टर रागावतात, "गोळी का बंद केली?" या प्रश्नाचे उत्तर त्या बाईने एकटीने द्यायचे का?

सरकारी आरोग्य विमा योजना रुग्ण दाखल झाल्यावर उपयोगी पडते. दाखल होऊ नये म्हणून जी गोळी लागते, तिच्यासाठी त्या कार्डाचा काही उपयोग नाही. म्हणून आपली मागणी साधी असावी. निदान आणि मात्रा मोठ्या दवाखान्याने ठरवावी, पण महिन्याची हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक ॲसिड आणि रक्ताची मोजणी वस्तीतल्या नागरी आरोग्य केंद्रात मिळावी. खेड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळावी. एका वेळी दोन महिन्यांची गोळी देता आली तर आणखी चांगले. दुसरी गोष्ट वयाची. मूल बालरोग विभागात असते तोवर तिथले डॉक्टर त्याला नावाने ओळखतात. वय वाढले की ते मोठ्यांच्या ओपीडीत जाते आणि तिथे पुन्हा पहिल्यापासून कहाणी सांगत बसते. कॉलेजला जाण्याच्या, काम शोधण्याच्या वयातच ही मुले उपचारातून गळतात. त्यांचा जुना कागद त्यांच्यासोबत पुढे जाईल अशी सोय हवी.

जनुक बदलण्याचा नवा उपचार २०२३ च्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत मंजूर झाला. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे! वाचून आनंद झाला. आपण तूर्त गोळीचे पाहू.

घरी काय करायचे, तेही थोडक्यात. पाणी भरपूर, उन्हाळ्यात अधिक. थंडीत अंग उघडे टाकू नये, थंड पाण्याने न्हाऊ घालू नये. लहान मुलांच्या पेनिसिलीनविषयी आणि लशींविषयी डॉक्टरांना विचारून घ्यावे. ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखून धाप लागली, हात-पाय किंवा तोंड एका बाजूला लुळे पडले, मूल एकदम पांढरे पडले, तर रात्र असली तरी थांबू नये.

लग्नाचा विषय टाळून चालणार नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. 'पहिले आजारी झाले, आता तीन चांगली होतील' हा हिशेब खोटा आहे. एक वाहक आणि दुसरा पूर्ण निर्दोष असेल तर मूल रुग्ण होत नाही, मग लग्नाला हरकत कसली? पण आपल्याकडे होते असे की साखरपुडा ठरल्यावर तपासणी होते, मुलगी वाहक निघते आणि बोभाटा तिचाच होतो. मुलाचे रक्त कोणी तपासतच नाही. माझ्या मते वधू-वर मेळाव्याच्या छापील पुस्तिकेत हा रिपोर्ट छापू नये. नववी-दहावीतच मुलामुलींची तपासणी व्हावी, कागद ज्याचा त्याच्याजवळ राहावा आणि बोलणी पुढे जाण्याआधी दोघांनी एकमेकांना दाखवावा. 'सोल्युबिलिटी' या पहिल्या चाचणीवर थांबू नये. ती फक्त दोष आहे एवढे सांगते, वाहक की रुग्ण ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीत कळते.

सिकलसेल दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत आहे. प्रमाणपत्र ४० टक्के किंवा अधिक असेल तर उच्च शिक्षणाच्या प्रवेशात राखीव जागा मिळतात. सरकारी नोकरीच्या ४ टक्के आरक्षणात मात्र रक्ताचे आजार घेतलेले नाहीत. हा अन्याय आहे, आणि त्यावर बोलले गेले पाहिजे. टक्केवारी ठरवताना झटके किती आले, दाखल किती वेळा केले, रक्त किती दिले हे पाहतात. म्हणून सुटीचे कार्ड, रक्ताच्या पावत्या, सगळे एका पिशवीत जपून ठेवा. मांजरपाटाची शिवून घेतली तर वर्षानुवर्षे टिकते.

याच पद्मश्रींच्या यादीत २०१८ मध्ये नागपूरचे संपत रामटेके यांचे नाव आले ते सिकलसेलच्या रुग्णांसाठी केलेल्या कामामुळेच. एकट्या माणसाने एवढे उभे केले. वस्तीतल्या महिला मंडळाला एक अर्ज नक्कीच करता येईल. महापालिकेच्या झोन कार्यालयात आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे लिहा : आमच्या वस्तीत सिकलसेलचे इतके रुग्ण आहेत, आमच्या आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सियुरिया मिळते का, मिळत नसल्यास कधीपासून मिळेल. रुग्णांची नावे लिहू नका, संख्या पुरे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. महिन्याभरात उत्तर आले नाही तर तीच प्रत जोडून १० रुपयांत माहितीच्या अधिकाराचा अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर तेही लागत नाहीत.