प्रत आहे, पण उघडून पाहिली काय?

जुन्या कचेरीतले दप्तर रुमालात बांधलेले असे. त्याला वाळवी लागलीच, तर निदान खाली पडलेली माती तरी दिसे. आजचे दप्तर संगणकातील डेटाबेसमध्ये असते. त्याला लागलेली कीड डोळ्यांना दिसत नाही. शिक्षकाचे वेतन, विद्यार्थ्याचे गुण, निवृत्त कारकुनाची सेवानोंद ही सारी कोष्टकांत जाऊन बसली असल्याने हा विषय केवळ तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होता येणार नाही.

परस्परसंबंधित कोष्टकांत माहिती रचण्याची कल्पना एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. त्या परंपरेतील ‘पोस्टग्रेस’ ही प्रणाली १९८६ साली बर्कलेच्या विद्यापीठात आकारास आली आणि आज ती कोणासही विनामूल्य वापरता येते. सप्टेंबर २०२४ मध्ये निघालेल्या तिच्या सतराव्या आवृत्तीत वाढीव बॅकअपची सोय आली. म्हणजे प्रत्येक वेळी संपूर्ण भांडार उतरवून न घेता मागील प्रतीनंतर जे बदलले तेवढेच उतरवायचे. सप्टेंबर २०२५ च्या अठराव्या आवृत्तीने आणखी एक पाऊल टाकले : नव्याने उभारलेल्या भांडारात प्रत्येक पानाची पडताळणी-बेरीज आपोआप ठेवली जाते.

या सुधारणा स्वागतार्ह आहेत, यात शंका नाही. पण त्यांच्यावर विसंबून व्यवस्थापकाने निश्चिंत व्हावे, असे मात्र त्यांत काही नाही. वाढीव प्रत एकटी निरुपयोगी असते; मूळची पूर्ण प्रत आणि मधली प्रत्येक कडी जोडली, तरच भांडार पुन्हा उभे राहते. पडताळणी-बेरीज पान बिघडल्याचे सांगते, ते दुरुस्त करीत नाही. आणि जोडीला चालणाऱ्या दुसऱ्या संगणकावरील प्रतिकृतीस बॅकअप समजण्याची जी चाल पडली आहे, ती तर सर्वांत घातक. मूळ भांडारात चुकून खोडलेली नोंद काही क्षणांत तेथेही खोडली जाते.

३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ या परदेशी संस्थेत जे घडले, ते या संदर्भात मुळातून समजून घेण्याजोगे आहे. रेंगाळलेली प्रतिकृती दुरुस्त करताना अभियंत्याने दुय्यम संगणक समजून मुख्य संगणकावरच माहिती पुसण्याची आज्ञा दिली. चूक ध्यानात येऊन हात थांबेपर्यंत सुमारे तीनशे गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार उरले होते. मग बॅकअपची शोधाशोध सुरू झाली, तो कोठार रिकामे! डेटाबेस ९.६ या आवृत्तीचा आणि प्रत घेणारे साधन ९.२ चे, म्हणून प्रत निघतच नव्हती. ती निघत नसल्याचे ई-पत्र यंत्र पाठवीत होते. पण ते पत्रही टपालव्यवस्था नाकारीत होती. अखेर चाचणीच्या कामासाठी सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेल्या एका प्रतीने लाज राखली. तरीही मधल्या सहा तासांतील सुमारे पाच हजार प्रकल्पांची व सातशे नव्या खात्यांची नोंद कायमची गेली. संस्थेने हे सारे स्वतःच जाहीर केले. असा उमदेपणा आपल्या कचेऱ्यांकडून अपेक्षिणे म्हणजे अंमळ धाडसच!

आपल्याकडे ‘बॅकअप घेतला’ या रकान्यात खूण केली की कर्तव्य संपते. वास्तविक ते तेथून सुरू होते. तीन महिन्यांतून एकदा ती प्रत वेगळ्या संगणकावर उतरवावी, नोंदींची मोजदाद मूळ भांडाराशी ताडून पाहावी, भांडार उभे राहण्यास किती तास लागले ते लिहावे आणि करणाऱ्याने नावानिशी सही करावी. ‘तक्रार आली नाही, म्हणजे प्रत निघाली’ हे गृहीत सोडून प्रत निघाल्याची पोच रोज मागावी. एक प्रत दुसऱ्या इमारतीत असावी. यास एक जादा संगणक आणि एका माणसाचा दिवस लागेल, ही हरकत खरी आहे. मात्र पुसली गेलेली सेवानोंद हातात जुने कागद घेऊन सिद्ध करीत फिरणाऱ्या निवृत्ताचे किती दिवस जातील, तेही त्याच हिशेबात धरले पाहिजे.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याने कोणाही नागरिकास सरकारी कचेरीकडे अर्ज करता येतो. शेवटचा बॅकअप केव्हा घेतला, हे त्यात विचारू नये. त्याचे उत्तर ‘काल’ असेच येईल. तो उघडून शेवटचा केव्हा तपासला आणि त्या तपासणीवर कोणाची सही आहे, एवढेच विचारावे.