सॅम्पल आहे, ड्रॉइंग कुठंय?

भातखाचरात रबरी पट्ट्यांवर चालणाऱ्या हार्वेस्टरचं स्प्रॉकेट झिजलं, की मालक आधी डीलरकडे जातो. ‘ते मॉडेल बंद झालं’ हे ऐकून परततो, आणि झिजलेलं चाक पिशवीत घालून बोईसरच्या एमआयडीसीत एखादा लेथवाला गाठतो. लेथवाला नाही म्हणत नाही. पण झिजल्या दातावरून माप घेतलं तर नव्या चाकात झीजही उतरते. वाकून आकडीसारखा झालेला दात मुळात कसा होता, पोलाद कुठलं होतं, हार्डनिंग किती खोल गेलं होतं, यातलं बरंचसं सॅम्पल सांगत नाही. ड्रॉइंग सांगतं, आणि ते कंपनीच्या कपाटात.

अमेरिकेत बर्फावरच्या जुन्या ट्रॅकगाड्या बाळगणारेही याच फेऱ्यात आहेत. रॉकेटची इंजिनं करणाऱ्या थायोकोल कंपनीने अशा गाड्या बनवल्या, 1978 मध्ये तो धंदा जॉन डिलोरियनला विकला, पुढे तो कारखानाही मिटला. गाड्या अजून धावतात. स्प्रॉकेट ज्याचं त्याने शोधायचं.

आणि बोईसरच्या पश्चिमेला, समुद्राकाठी? तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या जनरल इलेक्ट्रिकच्या, 1969 पासूनच्या. 1974 ला पोखरण झालं, 1978 ला अमेरिकेने कायदा कडक केला, आणि इंधनाबरोबर सुट्या भागांचीही ओढाताण सुरू झाली. 1983 मध्ये परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ दिल्लीत आले आणि दुसरीकडे न मिळणारे भाग देऊ म्हणाले, तर त्यावरूनही तिकडे वाद पेटला. एका स्पेअर पार्टसाठी परराष्ट्रमंत्र्याने शब्द टाकायचा! इथल्या अभियंत्यांनी जमेल ते इथेच घडवून भट्ट्या चालत्या ठेवल्या. स्टीम जनरेटरच्या दुखण्यापायी 210 मेगावॅटची क्षमता मात्र 160 वर आणावी लागली.

तिथे निदान सरकार भांडायला होतं. हार्वेस्टरवाल्याच्या मागे कोण? केंद्राने जुलै 2022 मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, शेतीची अवजारं यादीत घेतली, पोर्टलही काढलं. पोर्टलवर कंपन्यांची माहितीपत्रकं आणि सेवा केंद्रांचे पत्ते मिळून भागणार नाही. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत सरकार यंत्रांवर अनुदान देतं. मग अनुदानालाच अट जोडावी: झिजणाऱ्या भागांची ड्रॉइंग कृषी खात्याकडे जमा करायची, आणि मॉडेल बंद होताच ती खुली. इंजिनाची गुपितं कुणी मागत नाही; दातांची संख्या, पिच, बोअर, चावीचा गाळा, पोलादाचा ग्रेड, एवढंच.

कंपन्या म्हणतील, नकला होतील. नकला आजही होतातच, फक्त झिजलेल्या दातांच्या.