कुरळे केस, खारें पाणी आणि कंडिशनर

केसांविषयीं एका निवृत्त संस्कृत शिक्षकानें लेखणी उचलावी, हें कांहीं वाचकांस विनोदाचें वाटेल. परंतु आम्ही या विषयाकडे शब्दांच्या वाटेनेंच आलों आहों. संस्कृतांत केसांस केश, कच, चिकुर, कुंतल अशीं अनेक नांवें आहेत. तरीहि कुरळ्या बटांसाठीं 'अलक' हा शब्द वेगळा राखून ठेविलेला आहे, आणि अमरकोशकारानें त्याची निराळी नोंद केली आहे. ज्या वस्तूस भाषा स्वतंत्र नांव देते, ती वस्तु त्या लोकांच्या नजरेंत भरलेली असते. श्रीकृष्णाचें वर्णन करावयास बसलेला कवि त्याचे केस कुरळेच रंगवितो. असें असतां आमच्या घरांत कुरळ्या केसांची मुलगी जन्मास आली कीं 'झिपरी' हें विशेषण तिच्या वांट्यास येतें, हा विरोध आम्हांस नेहमीं खटकतो.

प्रश्न केवळ नांवें ठेवण्याचा असता तर आम्ही गप्प बसलों असतों. परंतु एकत्र कुटुंबांत केसांचा कारभार मुलीच्या हातीं नसतो. न्हाण्याचें पाणी आजी तापविते, तेल काकू चोळते, फणी आई चालविते. आणि एकच साबण, एकच फणी, एकच शिस्त घरांतल्या पांचहि मुलींस लागू होते. सरळ केसांच्या चार मुली त्यांतून सुखरूप निघतात. पांचवी डोळे पुशीत उठते. तीच मुलगी विवाहयोग्य झाली कीं, 'पाहुणे यावयाच्या आधीं केस तेवढे सरळ करून घे,' अशी सूचना होते. लहानपणीं फणीचा आणि मोठेपणीं रसायनाचा, असा दुहेरी दंड तिला भोगावा लागतो. यांत दुष्टपणा कोणाचाच नसतो. माहिती नसते, इतकेंच. ती माहिती आज देण्याचें योजिलें आहे.

केस म्हणजे केरॅटिन नांवाच्या प्रथिनाचा तंतु. त्याचें मूळ तेवढें त्वचेंत जिवंत असतें. बाहेर दिसणारा सारा भाग निर्जीव होय. म्हणून बाटल्यांवर 'केसांस पोषण देणारें' असें जें छापलेलें असतें, त्याचा अर्थ बेतानेंच घ्यावा. पोषण पोटांतून मिळतें, बाटलींतून नव्हे. केस महिन्यास सुमारें सव्वा सेंटिमीटर वाढतो. या हिशेबानें ६० सेंटिमीटर लांबीच्या केसाचें टोंक ४ वर्षांचें जुनें असतें. चार वर्षें ऊन, वारा आणि फणी सोसलेलें रेशमी वस्त्र आपण ज्या हळुवारपणें धुतों, तितक्याच हळुवारपणाचा त्या टोंकासहि अधिकार आहे.

केसावर अतिसूक्ष्म खवल्यांचें आवरण असतें, जणुं कौलारू घरावर एकावर एक चढविलेलीं कौलें. कौलें नीट बसलेलीं असलीं कीं घर सुरक्षित. उचकटलीं कीं गळती सुरू. टाळूंतील ग्रंथींतून जो स्निग्ध द्रव पाझरतो, तो सरळ केसावरून सहज खालीं उतरतो. कुरळ्या केसांत मात्र त्यास वळणावळणानें जावें लागतें, आणि तो टोंकापर्यंत बहुधा पोंचतच नाहीं. म्हणून मुळें तेलकट आणि टोंकें कोरडीं असा देखावा पुष्कळदां दिसतो. शिवाय प्रत्येक वळण हें त्या तंतूचें दुर्बळ स्थान. फणीचा हिसका तेथेंच बसतो आणि केस तेथेंच तुटतो. हा मुलीच्या आळसाचा दोष नव्हे. त्या आकाराचा तो धर्मच आहे.

आतां आमच्या बुलढाणा जिल्ह्याकडे वळूं. बुलढाणा शहर घाटावर वसलेलें, तेथील हवा थंड. पण घाट उतरून पूर्णेच्या खोऱ्यांत आलें कीं खारपाणपट्टा लागतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरलेला असून आमच्याकडील जळगांव जामोद, संग्रामपूर, शेगांव, नांदुरा या तालुक्यांतील कित्येक गांवें त्यांत मोडतात. तेथील विहिरीचें पाणी तोंडांत धरवत नाहीं, त्यांत डाळ लवकर शिजत नाहीं, साबणास फेंस येत नाहीं. जड पाण्यांतील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचा साबणाशीं संयोग होऊन जी पांढरट चिकट साय बनते, ती बादलीच्या कडेस आपण रोज पाहतों; तीच केसांवरहि बसते. त्यांत भर म्हणून वैशाखांतील कोरडी झळ. पुण्याची मावशी फोनवरून जो उपाय सांगते तो शेगांवच्या भाचीस कां लागू पडत नाहीं, याचें एक कारण हें आहे.

साबणाचा दुसरा दोष समजण्यास लोणारचें सरोवर उपयोगीं पडेल. त्याच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो. सामू ७ म्हणजे उदासीन, त्याहून वर अल्कधर्मी आणि खालीं आम्लधर्मी, हें शाळेंत बसलेल्या प्रत्येकास आठवत असेल. 'मुलीचे केस दर रविवारीं लोणारच्या सरोवरांत धुवा,' असें कोणीं सांगितलें तर आपण त्यास वेड्यांत काढूं. परंतु अंगाच्या नेहमींच्या साबणाच्या फेंसाचा सामू ९ ते १० असतो! अल्कानें केस फुगतो, कौलें उचकटतात आणि एक केस दुसऱ्यांत अडकूं लागतो. तेव्हां अंगाचा साबण डोक्यास लावूं नये, हा पहिला नियम.

शँपू हा शब्द साहेबाचा समजून वडील मंडळी नाक मुरडतात. परंतु तो हिंदी 'चाँपना' म्हणजे चेपणें या क्रियापदापासून निघून अठराव्या शतकांत येथूनच इंग्रजींत गेला आहे. माहेरची लेक बऱ्याच वर्षांनीं परत आली असें समजून तिचें स्वागत करावें. मात्र शँपू मळाबरोबर केसांचें उरलेंसुरलें तेलहि नेतो. तें नेलेलें कांहीं अंशीं परत देण्याचें काम कंडिशनरचें. त्यांतील युक्ति मोठी मनोरंजक आहे. झिजलेल्या ओल्या केसावर ऋण विद्युद्भार असतो आणि कंडिशनरमधील मुख्य द्रव्यावर धन भार असतो. दोहोंचें आकर्षण होऊन केसावर पातळ लेप बसतो. आणि जेथें झीज अधिक, तेथें तो अधिक बसतो. सेटिल अल्कोहोल, स्टिअरिल अल्कोहोल अशीं मेणासारखीं द्रव्येंहि त्यांत असतात. त्या नांवानें सोंवळ्यांतील मंडळींनीं दचकूं नये. तें मद्य नव्हे. बहुतेक कंडिशनर किंचित् आम्लधर्मी असल्यामुळें उचकटलेलीं कौलें खालीं बसण्यास साहाय्य होतें. तो नवा केस उगवीत नाहीं, तुटलेला सांधीत नाहीं. केसाकेसांतील घर्षण कमी करतो, एवढेंच. पण कुरळ्या केसास नेमकें तेंच हवें असतें.

आतां रीत. आठवड्यांतून एकदां किंवा दोनदां टाळूस शँपू लावून बोटांच्या पेरांनीं चोळावें. टोंकांस तो निराळा लावण्याचें कारण नाहीं, ओघळणाऱ्या फेंसानें तीं स्वच्छ होतात. पाणी निथळूं द्यावें. मग कानांच्या खालपासून टोंकापर्यंत कंडिशनर लावावा, टाळूस लावूं नये. सरळ केसांस सुपारीएवढा पुरतो, तेथें दाट कुरळ्या केसांस आवळ्याएवढा लागतो. त्याविषयीं घरांत कुरकुर करूं नये. कंडिशनर असतांनाच रुंद दातांच्या कंगव्यानें गुंता सोडवावा, आणि तोहि टोंकाकडून सुरुवात करून हळुहळू वर जावें. कोरड्या कुरळ्या केसांत मुळापासून बारीक फणी ओढणें म्हणजे सुताची गुंतवळ हिसके देऊन सोडविणें होय. दोन-तीन मिनिटांनीं केस धुवावे. टॉवेलानें खसखसां पुसूं नयेत. जुन्या धोतराचें मऊ फडकें घेऊन दाबून पाणी टिपावें. मग ओलसर बटा मुठींत धरून टाळूकडे हलकेच दाबल्या कीं वळणें आपापल्या जागीं येतात. त्यानंतर वाळेपर्यंत त्यांस कोणीं हात लावूं नये, आजीनेंहि नव्हे.

खारपाणपट्ट्यांतील मंडळींनीं शेवटचा तांब्या तरी शक्य तर गोड पाण्याचा घ्यावा. पावसाळ्यांत पहिल्या सरी सोडून गच्चीवरचें स्वच्छ पाणी धरून ठेवल्यास त्यासारखें दुसरें नाहीं. पाणी उकळल्यानें जडपणाचा कांहीं भाग जातो, पण मिठाचा खारेपणा जात नाहीं, हें ध्यानांत असावें. साबण वापरावाच लागला तर तांब्याभर पाण्यांत अर्ध्या लिंबाचा रस पिळून डोळे सांभाळून शेवटीं केसांवरून ओतावा, साय सुटते. जेथें पिण्याचेंहि पाणी टँकरनें येतें, तेथें केसांपेक्षां तहान मोठी, हें सांगावयास नकोच.

बाजारची बाटली नको असेल तर घरचा उपायहि आहे. शिकेकाई किंचित् आम्लधर्मी असते, म्हणून पूर्वजांची ती निवड साबणापेक्षां शहाणपणाची होती. मात्र कुरळ्या केसांत तिची भुकटी अडकून बसते. यासाठीं काढा करून, वस्त्रगाळ करून वापरावी. आमच्या विदर्भांतील जवस तर या कामीं अमोल आहे. पाव पेला जवस दोन पेले पाण्यांत मंदाग्नीवर ढवळीत राहावें; पाकासारखी तार सुटूं लागतांच उतरून गरम असतांनाच गाळावें. थंड झाल्यावर हा बुळबुळीत रस गाळूं म्हटलें तर हाताला यश येत नाहीं. ओल्या केसांस तो थोडा लावून तसाच वाळूं दिला कीं वळणें दिवसभर टिकतात. फ्रिजमध्यें तो आठवडाभर राहतो. वास पालटला कीं टाकून द्यावा.

आजींच्या तेलाचाहि न्याय झाला पाहिजे. २००३ सालीं मुंबईच्या मॅरिको कंपनींतील रेले आणि मोहिले या संशोधकांनीं खोबरेल, सूर्यफुलाचें तेल व खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. त्यांत धुण्यापूर्वीं व नंतर लावलेल्या खोबरेलानेंच केसांतील प्रथिनाची झीज कमी झालेली आढळली, कारण तें केसाच्या आंत शिरतें. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हेंहि वाचकांनीं जाणून असावें. तेव्हां न्हाण्यापूर्वीं तेल आणि न्हाल्यानंतर कंडिशनर, अशी सासू-सुनेची वांटणी केल्यास दोघींचाहि मान राहतो.

केस कायमचे सरळ करण्याविषयीं मात्र आमचें मत कठोर आहे. या द्रव्यांपैकीं कांहींतून फॉर्मॅल्डिहाइडची वाफ निघते, आणि ती डोळ्यांस व श्वासनलिकेस बाधते. ती टाळण्यासाठीं ग्लायॉक्सिलिक आम्ल वापरांत आलें, तर त्यानंतर मूत्रपिंडांस इजा झाल्याचे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत. एका दुपारच्या पोहे-चहासाठीं हा धोका मुलीनें कां पत्करावा? आणि मुळाशीं येणारा नवा केस तर कुरळाच येणार! लग्नानंतर सहा महिन्यांनीं जें सासरीं दिसणारच आहे, तें आधीं झांकण्यांत फायदा कोणाचा?

शेवटीं एक गंभीर गोष्ट. २०२४ च्या डिसेंबरांत व २०२५ च्या जानेवारींत आमच्याच शेगांव तालुक्यांत बोंडगांव, कालवड, हिंगणा आदि गांवांतील माणसांचे केस थोड्याच दिवसांत मुठी-मुठींनीं गळून टक्कल पडलें. प्रथम संशय पाण्यावर आणि शँपूवरच गेला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचें पथक आलें. विंचूदंशावरील संशोधनानें प्रसिद्ध असलेले महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनीं गांवीं येऊन तपास केला. रुग्णांच्या रक्तांत, लघवींत व केसांत सेलेनियम हें मूलद्रव्य फार वाढलेलें आढळल्याचें सांगून त्यांनीं रेशनच्या गव्हाकडे बोट दाखविलें. त्या दिवसांत ज्या घरांतील तरुण मुलींस बाहेर पडण्याची चोरी झाली, त्यांचें दुःख आम्ही जिल्हावासी विसरणार नाहीं. यांतून घ्यावयाचा बोध असा, कीं केस कोरडे पडणें, गुंतणें, तुटणें हा बाहेरचा प्रश्न असून तेथें कंडिशनर उपयोगीं पडतो. परंतु केस मुळापासून झुबक्यांनीं येऊं लागले, टाळूस खाज किंवा जखमा झाल्या, ताप वा उलट्या सोबत असल्या, तर बाटली बदलीत बसूं नये. त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें, आणि शेजारच्या घरींहि तसें कांहीं आहे काय, याची चौकशी करावी.

बाकी, ज्या घरांत एक कुरळ्या केसांची मुलगी आहे, त्या घरच्या वडील मंडळींनीं फार कांहीं करावयास नको. तिच्यासाठीं एक रुंद दातांचा कंगवा आणावा, 'झिपरी' हा शब्द कोशांतच राहूं द्यावा, आणि येत्या रविवारीं न्हाणें झाल्यावर तो कंगवा तिच्याच हातीं द्यावा.